राखाडी रंगाचा पहिला हात

माझ्या मामाने तीस वर्षं बस रंगवल्या. डेपोच्या मागच्या अंगाला पत्र्याचं एक लांबलचक शेड होतं. त्यात एका वेळी एकच बस मावायची, आणि तोंडाला फडकं बांधून, हातात स्प्रेगन घेऊन मामा तिच्याभोवती फिरत राहायचा. हिरवी बस, कमरेला पांढरा पट्टा. शहरातली कुठलीही बस घ्या, तिच्या अंगावरून मामाचा हात फिरलेला असायचाच.

डेपोत त्याला 'अस्तर' म्हणायचे. रंग देण्याआधी कोऱ्या पत्र्याला जो पहिला हात देतात, ते अस्तर. त्यावरून मामाचं निम्म्या जगाशी भांडण होतं. "वरचा रंग बघणाऱ्यासाठी असतो," तो म्हणायचा, "अस्तर पत्र्यासाठी असतं. ते एकसारखं नसेल तर वरून सोनं फासा, सहा महिन्यांत फुगे धरणार म्हणजे धरणार."

निवृत्त झाल्यावर त्याने पहिल्या तीन महिन्यांत घरातल्या खिडक्या, कपाटं, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांचं फाटक रंगवून काढलं. मामी म्हणाली, "आता उरले मी. झोपेत मला एक हात मारून मोकळा होशील."

सुटका झाली ती खेळण्यांच्या एका दुकानामुळे. नदीकडच्या रस्त्यावर ते दुकान होतं. लहान मुलं तिथे फारशी फिरकत नसत. चाळिशीतले, पोट सुटलेले पुरुष यायचे, मोठ्या टेबलाभोवती उभे राहून बोटाएवढे रणगाडे आणि ट्रक सरकवत युद्ध खेळायचे, आणि हरले की खरोखर रुसायचे. दुकानाचं शटर रंगवायला मामा गेला होता. त्याने कपाटातला एक रणगाडा उचलला, उलटा करून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "हा रंगवलाय की चिखलात बुडवून काढलाय?" दुकानदाराने तसाच एक कोरा रणगाडा त्याच्या हातावर ठेवला. तिथून सुरुवात झाली.

मी तेव्हा नर्सिंग शिकत होते आणि मामाकडेच मागच्या खोलीत राहत होते. खोलीच्या बाजूला काचा लावलेली गॅलरी होती, ती मामाने बळकावली. त्याचं काम बघत मी कितीतरी दुपारी पाठांतर केलं. आधी तो गाड्या साबणाच्या पाण्यात धुवायचा, कारण साच्यातून निघालेल्या वस्तूला तेलकटपणा असतो आणि तेलावर रंग बसत नाही. पूर्ण वाळल्या की प्रत्येक गाडी एका बाटलीच्या बुचावर चिकटवायची, म्हणजे बोटं न लावता फिरवता येते. मग पोट, चाकं, सांधेकोपरे आधी. दिसणारा भाग शेवटी. स्प्रे एक वीत आणि चार बोटं लांब धरायचा. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, अंगावरून न थांबता न्यायचा, पलीकडे बाहेर जाऊनच सोडायचा. "गाडीवर थांबलीस की ओघळ," तो म्हणायचा. एक जाड हात कधीच नाही, तीन पातळ हात. मधे वाळू द्यायचं. हवेत ओल असेल त्या दिवशी स्प्रेला हात लावायचा नाही, नाहीतर रंग पीठ भुरभुरल्यासारखा खरखरीत बसतो. शेवटी गाडी डोळ्यांसमोर आडवी धरून तिरक्या उजेडात पाहायची. खिळ्याच्या टोकाएवढे रिवेट असतात त्या गाड्यांवर. ते सगळे मोजता आले पाहिजेत.

वर्षभरात त्याचं नाव झालं. आणि मग इस्त्रीसाहेब आला.

हे नाव मामीने ठेवलं. चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, आवाज हळू, शर्टाची घडी अशी की हात लावला तर कापेल. दुकानदाराने पत्ता दिला, म्हणाला. एका प्रदर्शनासाठी साठ गाड्या रंगवून हव्या होत्या. ट्रक, चिलखती गाड्या, पाण्याचा मारा करणाऱ्या गाड्या, चार रुग्णवाहिका. सगळ्या एकाच रंगात.

"आधीच्या माणसाने केल्या होत्या," तो म्हणाला. "एक फिकट, एक गडद. वरिष्ठ हसले. मला साठच्या साठ एकसारख्या हव्यात."

"होतील. रंग कुठला?"

त्याने पिशवीतून डबा काढला. डब्यावर ना नाव, ना कंपनी. झाकण उघडलं तेव्हा मीही वाकून पाहिलं. चुलीतल्या राखेत ओली माती कालवावी तसा रंग, आणि त्याला अजिबात चमक नाही.

"ह्यातूनच द्यायचा," तो म्हणाला. "दुसऱ्यात मिसळायचा नाही. उरला तर परत करायचा."

तो गेल्यावर मामा बराच वेळ डबा ढवळत बसला. मग काडीवरून ओघळणारा रंग बघत म्हणाला, "हा रंग खेळण्याचा नाही गं."

"म्हणजे?"

"खेळण्यांच्या रंगाची भुकटी मैद्यासारखी असते. ही बघ, रवाळ आहे. हा मोठ्या पत्र्यासाठी बनवलाय. उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या पत्र्यासाठी. मी तीस वर्षं हेच ढवळलंय."

मामी म्हणाली, "मग परत कर."

"रंगात काय वाईट आहे? गाळून पातळ केला की बसेल."

त्याने तो मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळला, थेंबाथेंबाने पातळ केला, जुन्या पत्र्यावर पाच वेळा मारून पाहिला. सहाव्या वेळी खूश झाला. पंधरा दिवसांत गॅलरीत साठ बुचांवर साठ गाड्या उभ्या राहिल्या. इतका एकसारखा हात मी त्याच्याकडूनही पाहिला नव्हता. पण संध्याकाळी काचेतून उजेड उतरायला लागला की मला त्या खोलीत बसवेना. त्या गाड्यांवर उजेड पडायचा आणि तिथेच संपायचा, परत यायचा नाही. मी पुस्तक उचलून स्वयंपाकघरात मामीजवळ जाऊन बसायचे. ती सरकून जागा द्यायची.

इस्त्रीसाहेबाने गाड्या नेल्या आणि आठवड्याने परत आला. आता त्याच्याकडे बस होत्या. अकरा. हिरवा रंग, कमरेला पांढरा पट्टा.

"ह्या तर तुम्हाला पाठच असतील," तो म्हणाला.

मामा हसला. पण तो गेल्यावर त्याने मला विचारलं, "मी डेपोत होतो हे मी सांगितलं होतं का त्याला?" मी म्हटलं, दुकानदाराने सांगितलं असेल. तोही म्हणाला, असेल. आणि बस रंगवायला घेतल्या.

त्या वर्षी डेपोत धुसफूस होती. डेपो कंत्राटदाराच्या हाती द्यायचं घाटत होतं. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणते, तिथेच ड्रायव्हर होता आणि युनियनमध्ये पुढे पुढे असायचा. घरी आला की ताकास तूर लागू द्यायचा नाही. मामीने विचारलंच तर, "आई, तुला माहीत नसलेलं बरं," एवढंच. संप होणार हे सगळ्या शहराला माहीत होतं. कसा होणार, ते कुणालाच नाही.

त्याच सुमाराला आमच्या हॉस्पिटलमध्ये एक गोष्ट घडली. मेट्रनने सकाळी येऊन सांगितलं, खालच्या मजल्यावरचे दोन वॉर्ड शुक्रवारपर्यंत रिकामे करा. चालू शकणाऱ्या पेशंटना घरी पाठवा, बाकीच्यांना वर हलवा. साथ नव्हती, दुरुस्ती नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मलाही सांगितलेलं नाही. खाटा सोमवारी लागतील, एवढंच कळवलंय." दिवसभर आम्ही गाद्या झटकून स्वच्छ चादरी घातल्या. संध्याकाळी चाळीस कोऱ्या खाटा रांगेत उभ्या होत्या. घरी येऊन मामाला सांगितलं तेव्हा तो बसचा पांढरा पट्टा ओढत होता. त्याचा हात थांबला. पट्ट्यावर थांबलेला त्याचा हात मी पहिल्यांदाच पाहिला.

गुरुवारी दुपारी तो बस पोचवायला गेला. ह्या वेळी इस्त्रीसाहेबाने त्यालाच बोलावलं होतं. एका साध्या इमारतीचा तिसरा मजला, पाटी नाही. आत मोठं टेबल, त्यावर हिरवी चादर पांघरलेली. साहेबाने खोकं घेतलं, एकेक बस काढून पाहिली, मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला आणि तो गेला.

मामा खोलीत एकटा राहिला. आपला रंग ह्यांच्या ट्यूबलाइटखाली कसा दिसतो ते बघावं, एवढंच मनात होतं, असं तो शपथेवर सांगतो. त्याने चादरीचं टोक उचललं.

नदी होती. नदीचं ते ओळखीचं वळण, त्यावरचा पूल, पुलापलीकडे धान्याचं गोदाम, अलीकडे आपला डेपो. पुलावर आधीच अकरा बस उभ्या होत्या, कागदाच्या, साध्या कापलेल्या, मामाच्या बस यायच्या आधी जागा धरून ठेवलेल्या. आडव्या, एकीत एक अडकवलेल्या, पूल बंद होईल अशा. त्यांच्या भोवती पांढऱ्या डोक्याच्या टाचण्या दाटीने टोचलेल्या, म्हणजे माणसं. पुलाच्या दोन्ही टोकांना आणि गोदामाच्या आडोशाला त्याने रंगवलेल्या राखाडी गाड्या. रुग्णवाहिका गोदामाच्या मागे, रांगेत.

पुलाच्या मधल्या भागात काही टाचण्या उभ्या नव्हत्या. आडव्या ठेवल्या होत्या.

त्याने चादर सोडली, सरळ केली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. साहेब परत आला, आभार मानले, जिन्यापर्यंत सोडायला आला.

घरी येऊन मामाने हात तीनदा धुतले. मग आम्हाला दोघींना बसवून जे पाहिलं ते सांगितलं, आणि मला म्हणाला, "दादाला घेऊन ये. फोन नको. जाऊन आण."

दादा आला तो वैतागलेलाच. "बाबा, माझी ड्युटी आहे."

"सोमवारी तुम्ही अकरा बस पुलावर आडव्या लावणार आहात," मामा म्हणाला.

 दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे. "कोण म्हणालं?"

"खरं की खोटं?"

"हे पाच जणांना माहीत आहे. पाच. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मामाने सगळं सांगितलं. कागदाच्या बस कशा अडकवल्या होत्या ते टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं. दादा त्या काड्यांकडे बघत राहिला, कारण त्यांनी ठरवलेली रचना तीच होती. मग मी चाळीस खाटांचं सांगितलं.

"पाचांतला एक फुटलाय," दादा शेवटी म्हणाला. "कोण ते मला कळलं ना, तर..."

"ते शोधत बसू नकोस," मामा म्हणाला. "बस पुलावर नेऊ नका."

"आता माघार घेतली तर मीच विकला गेलो म्हणतील."

"म्हणू देत. विकला गेलेला पोरगा घरी जेवायला तरी येतो."

 मामी उठली, दादाच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्या चौघांना तुझ्या बापाकडून ऐकू दे. तुझं ऐकणार नाहीत. अस्तरचं ऐकतील."

शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रंगाच्या जुन्या शेडमध्ये ते पाच जण आणि मामा बसले. मामा पुढे सांगायचा की आयुष्यात एवढं अवघड काम त्याने केलं नाही. दादा सोडला तर समोरच्या चौघांत एकाला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि तो कोण ते कळायला मार्ग नव्हता. चौघांनाही तो त्यांच्या लहानपणापासून ओळखत होता. एकाच्या लग्नात त्याने मंडपाचे खांब रंगवले होते.

 ऐकून झाल्यावर त्यांच्यातला सगळ्यात थोराड, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, त्याने विचारलं, "काका, आडव्या किती होत्या?"

"चौदापर्यंत मोजल्या," मामा म्हणाला. "मग नाही मोजवलं."

तासभर वाद झाला. एक जण म्हणाला, हे मुद्दाम दाखवलंय, आपण घाबरावं म्हणून. दुसरा म्हणाला, मग घाबरतो, त्यात काय लाज. शेवटी ठरलं की संप होणार, पण एकही बस डेपोच्या फाटकाबाहेर जाणार नाही. किल्ल्या कार्यालयात जमा करायच्या आणि सगळ्यांनी आवारात बसून राहायचं. पुलावर एकाही माणसाने पाऊल टाकायचं नाही. पैलवानाने घरोघर जाऊन निरोप दिले.

सोमवारी सकाळी मला हॉस्पिटलला जायला पूल ओलांडायचा होता. पूल मोकळा होता. आणि मग गोदामाच्या आडोशातून त्या निघाल्या.

गॅलरीत बुचांवर बोटाएवढ्या पाहिलेल्या वस्तू समोरून घराएवढ्या होऊन आल्या की माणसाचं काय होतं, ते मला धड सांगता येत नाही. तोच रंग. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडत होतं आणि तिथेच संपत होतं. एका मागून एक, पुलाच्या दोन्ही टोकांना येऊन थांबल्या. आतून कोणी उतरलं नाही. इंजिनं चालू होती. मी पुलाअलीकडे रस्त्याच्या कठड्याला धरून उभी होते, माझ्याबरोबर दूधवाला, दोन शाळामास्तर आणि एक म्हातारी. समोर रिकामा पूल आणि त्याच्यावर रोखून धरलेल्या तेवढ्या गाड्या. म्हातारी मला म्हणाली, "कोणाला शोधतायत गं हे?" मी म्हटलं, माहीत नाही आजी, चला इथून.

दोन दिवस त्या तशाच उभ्या राहिल्या. आमच्या चाळीस खाटांवर एकही माणूस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पूल परत मोकळा होता, डांबरावर तेलाचे डाग तेवढे उरले होते.

सुंठीवाचून खोकला गेला असं आम्हाला वाटलं. चौथ्या दिवशी भर दुपारी डेपोच्या आवारातून दादाला उचललं. पाचांपैकी त्याला आणि पैलवानाला. कुठे नेलं ते कोणी सांगेना. मामा रोज सकाळी एका कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचा, संध्याकाळी उठवला की यायचा. मामीने ते दिवस घरातलं एकेक भांडं घासण्यात काढले, घासलेली पुन्हा घासली.

एकोणीस दिवसांनी दादा परत आला. चालत आला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं, आणि आजही येत नाही. मी तपासायला गेले तर त्याने मान फिरवली. काय विचारलं, काय केलं, तो कधी बोलला नाही. एक गोष्ट मात्र सांगितली. "योजना का बदलली, ते रोज विचारायचे. बाबांचं नाव एकदाही काढलं नाही."

मामाला हे ऐकून जास्त भीती वाटली. त्या शेडमध्ये बसलेल्या माणसांत एक फितूर होता, त्याने मामाचं नाव सांगितलं असणारच. मग ते विचारलं का नाही?

त्यानंतर आठवड्याने इस्त्रीसाहेब आला. दुपारची वेळ, दार उघडंच होतं. तो आत आला नाही, उंबऱ्याशी थांबला. मामीने पाणी विचारलं नाही.

"काम उत्तम झालं होतं," तो म्हणाला. "आणखी एक आहे."

"आता हात थरथरतो," मामा म्हणाला.

त्याने मामाच्या हाताकडे पाहिलं. हात दगडासारखा स्थिर होता. "दिसत नाही थरथरताना."

"स्प्रे धरला की थरथरतो."

"बरं." तो थोडा वेळ उभा राहिला. आत दादा पलंगावर पडला होता, त्याच्यावर नजर टाकून म्हणाला, "त्या दिवशी माझा फोन जरा लांबला." आणि जिना उतरून गेला.

ते वाक्य धमकी होतं की कबुली, ह्यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. त्याने मुद्दाम खोलीत एकटं सोडलं, असं मामीला वाटतं. दादाला ते ऐकवत नाही. त्याचं म्हणणं, ज्याने आडव्या टाचण्या ठेवल्या त्याला दयाळू ठरवू नका. मामा काहीच म्हणत नाही.

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा मामा, मामी, दादा सगळे माझ्याबरोबरच आले. डेपो कंत्राटदाराकडे गेला, बस आता निळ्या आहेत असं ऐकते. पैलवान परत आला की नाही ते आम्हाला कळलं नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही.

मामाने पुन्हा लहान गाडी रंगवली नाही. मी एकदा त्याला विचारलं होतं, त्या साठ गाड्यांना इतका चांगला हात दिल्याचं वाईट वाटतं का.

 तो म्हणाला, "एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. चादर उचलली ना, तेव्हा पूल नंतर दिसला. टाचण्या तर त्याहून नंतर. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, काय एकसारखा बसलाय रंग." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अभिमान वाटला गं मला."

दादा आता शाळेची गाडी चालवतो. पोरं डाव्या बाजूने कितीही ओरडली तरी त्याला त्रास नाही, असं तो हसून सांगतो. मागच्या महिन्यात त्याच्या गाडीला नवा रंग द्यायचं निघालं. मालकाने नमुन्याची पाटी घरी पाठवली होती, वीस-पंचवीस रंगांची. दादाने ती मामासमोर धरली. मामाने चष्मा लावून एकेक रंग पाहिला, मधल्या एका राखाडी चौकोनावर अंगठा दाबून तो झाकून टाकला आणि म्हणाला, "हा सोडून कुठलाही."